लहान शेडसाठी पलटी स्टँड : माल किती, मजुरी किती, खर्च किती

दौंड तालुक्यातल्या राहू परिसरात, मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधल्या उसाच्या पट्ट्यात, वस्तीवर घराशेजारी पत्र्याची एक शेड असतेच. ती बांधली जाते ट्रॅक्टर नाहीतर मोटरसायकल ठेवायला, आणि दोन-तीन वर्षांत तिचं निम्मं वर्कशॉप होऊन जातं. रोटाव्हेटरची पाती बदलायची असतात, कुट्टी यंत्राच्या पात्यांना धार लावायची असते, कोयते असतात, मोटरीच्या पाइपाचा क्लॅम्प असतो. गुऱ्हाळ असेल तर चरकाचं काही ना काही निघतंच, आणि हंगामात चरक थांबला की काहिलीपासून मजुरांपर्यंत सगळे हात बांधून बसतात. म्हणून आधी वेल्डिंग मशीन येतं, मागून ग्राइंडर, मग चौदा इंची कटर. जागा मात्र तेवढीच राहते : दहा बाय बारा फूट, त्यातली अर्धी गाडीची.

मग ग्राइंडर जुन्या टेबलावर, कटर जमिनीवर आणि पाने गोणीत. जमिनीवर ठेवलेल्या कटरने पाइप कापताना माणूस उकिडवा बसतो, ठिणग्या गुडघ्यावर घेतो आणि माप चुकलं की पाइप वाया घालवतो. यावर सगळ्यात कमी खर्चाचा आणि टिकाऊ उपाय म्हणजे दोन मशीन एकाच स्टँडवर, एक वरच्या अंगाला आणि एक खालच्या अंगाला, असा फिरता स्टँड. गावातला कुठलाही वेल्डर तो दीड-दोन दिवसांत करू शकतो. वेल्डिंग येत असेल तर तुम्ही स्वतःही करू शकता. तो नेमका कसा करायचा, माल किती लागतो आणि कुठल्या टप्प्यावर पैसे उगाच जातात, ते इथे सविस्तर मांडतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पुढचे सगळे दर हिशेबासाठी धरलेले आहेत. लोखंडाचा दर महिन्यागणिक हलतो, आणि केडगाव-चौफुल्याला एक तर दौंडला दुसरा असू शकतो. वजन मात्र हलत नाही. म्हणून मी वजनं काढून देतो. दर तुमच्या दुकानातला घाला आणि गुणाकार करा.

स्टँडची रचना

ज्याने पल्टी नांगर चालवला आहे त्याला हा स्टँड लगेच कळेल. वरचे फाळ खाली, खालचे वर, मध्ये एक आडवा कणा आणि जागेवर अडकवायला खिट्टी. इथेही तसंच. दोन बाजूंना दोन चौकटी, त्यांच्या डोक्यावर आडवा 25 मिमीचा शाफ्ट, आणि शाफ्टभोवती फिरणारा लोखंडी पाट. पाटाच्या एका अंगाला कटर बोल्टने घट्ट बसवलेला, दुसऱ्या अंगाला सहा इंची बेंच ग्राइंडर. ज्याचं काम असेल तो वर घ्यायचा आणि चार पिना लावायच्या.

मापं अशी धरा. तळाची चौकट 700 बाय 550 मिमी, म्हणजे साधारण सव्वादोन बाय पावणेदोन फूट. उभे पाय 600 मिमी. फिरता पाट 600 बाय 450 मिमी. चार इंची चाकं धरून कामाची पातळी जमिनीपासून सुमारे 840 मिमी येते. उभ्याने काम करणाऱ्या मध्यम उंचीच्या माणसाला ही उंची बरोबर पडते. घरातला कामकरी माणूस उंच असेल तर पाय दोन इंचांनी वाढवा. पण कमी करू नका, कारण खाली लटकलेलं मशीन फिरताना तळाला घासेल.

लोखंड आणण्याआधी एक माप घ्याच. कटरचा हात खाली दाबून साखळीने अडकवा, आणि शाफ्ट जिथे येणार त्या रेषेपासून मशीनचा सगळ्यात लांबचा कोपरा किती दूर आहे ते टेपने मोजा. या रचनेत शाफ्टपासून तळाच्या चौकटीपर्यंत साधारण 650 मिमी मोकळे मिळतात. मागच्या बाजूला तळापासून 100 मिमी वर एक आडवा पाइप येतो, तिथे अंतर 560 च्या आसपास राहतं. तुमचा लांबचा कोपरा 500 च्या आत असेल तर निर्धास्त राहा. कटर वेगवेगळ्या बनावटीचे असतात, त्यामुळे माप तुमच्याच मशीनचं घ्या.

जागेची बचत किती? दोन वेगळी टेबलं साधारण आठ चौरस फूट खातात, हा स्टँड चार. पण माझ्या मते खरी बचत उभं राहायच्या जागेची आहे. प्रत्येक मशीनपुढे माणसाला अडीच फूट तरी लागतात. दोन मशीन एका जागी आली की ही जागाही एकच पुरते.

आणि चाकं का? वीस फुटी पाइप कापायचा तर कटरच्या दोन्ही बाजूंना जागा हवी. दहा बाय बाराच्या शेडमध्ये ती कधीच मिळत नाही. स्टँड ढकलून दारात आणला की पाइप अंगणभर लांब राहू शकतो.

वजन आधी, दर नंतर

चौकटीला 40 बाय 40 मिमीचा, 2 मिमी जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. चौकोनी पाइपाचं वजन काढायची रीत सोपी आहे : बाजूतून जाडी वजा करा, उरलेल्याला जाडीने गुणा, मग 0.0314 ने गुणा. 38 गुणिले 2 गुणिले 0.0314, म्हणजे मीटरला 2.39 किलो. पाइप सहा मीटरचा येतो, म्हणजे एका पाइपाचं वजन 14.3 किलो.

हा आकडा पाठ करा, कारण दुकानात फसगत इथेच होते. दोन मिमी म्हणून दिलेला पाइप अनेकदा 1.6 मिमीचा निघतो. दिसायला दोन्ही सारखे, पण 1.6 चा सहा मीटरचा पाइप साडेअकरा किलोच भरतो. दर किलोवर असेल तर पैशांचं नुकसान नाही, फक्त स्टँड हलका होतो. पण दुकानदार नगावर दर सांगत असेल तर तुम्ही दोन मिमीचे पैसे देऊन 1.6 घेऊन येता. म्हणून पाइप काट्यावर ठेवायला सांगा. चौकोनी पाइपांसाठी आयएस 4923 हे भारतीय मानक आहे; चांगल्या मालावर तो क्रमांक आणि जाडी छापलेली असते.

या स्टँडला 700 मिमीचे तीन तुकडे, 550 चे सहा आणि 600 चे चार लागतात. 700 चे दोन तळाला आणि एक मागच्या आडव्या बंधाला. 550 चे दोन तळाला, दोन बाजूंच्या माथ्यावर, दोन बाजूंच्या मध्यावर. 600 चे चार म्हणजे पाय. एकूण लांबी 7.8 मीटर, म्हणजे दोन पाइप घ्यावे लागतात : 28.7 किलो. यातून चार मीटरवर पाइप उरतो, आणि तो वाया जात नाही. त्यातून लांब पाइपाचं दुसरं टोक टेकवायला एक घोडी होते. घोडीशिवाय हा कटर अर्धाच कामाचा आहे.

वीस फुटी पाइप मोटरसायकलवर येत नाही, आणि दोन पाइपांसाठी टेंपो करणं महागात पडतं. म्हणून दुकानातच कापून घ्या. पहिला पाइप 2.95 मीटरवर कापा : मोठ्या तुकड्यात दोन 700 आणि दोन 550, लहान तुकड्यात एक 700 आणि चार 550 बसतात. दुसरा बरोबर मधोमध. सगळे तुकडे दहा फुटांच्या आसपास येतात आणि कुणाच्याही पिकअपमध्ये इतर मालाबरोबर येऊन जातात.

फिरत्या पाटाची चौकट 25 बाय 25 मिमीच्या, 2 मिमी जाडीच्या पाइपाची. शाफ्टही 25 चा, म्हणून दोन्हींची जाडी एका पातळीत येते आणि वरखाली पत्रा सपाट बसतो. हा पाइप तीन मीटर लागतो, 4.3 किलो. दोन्ही अंगांना 3 मिमीचा पत्रा, 600 बाय 450 चे दोन तुकडे. पत्र्याचं वजन काढताना चौरस मीटरला दर मिमी जाडीमागे 7.85 किलो धरतात. त्या हिशेबाने दोन्ही मिळून 12.7 किलो. शाफ्ट 750 मिमी लांब. गोल सळईचं वजन घर बांधताना काढतो तसंच : व्यासाचा वर्ग भागिले 162. म्हणजे मीटरला 3.86, आणि आपल्या तुकड्याचे 2.9 किलो. शाफ्टच्या बुशासाठी पाइपाचे दोन लहान तुकडे आणि पिनांसाठी 50 बाय 6 ची पट्टी मिळून पावणेदोन किलो.

एकूण 50.4 किलो. किलोला 70 रुपये धरले तर 3,530 रुपये होतात. लोखंडावर जीएसटी 18 टक्के आहे. सांगितलेला दर करासह की कराविना, हे माल मोजण्याआधी विचारा, कारण या एवढ्याशा खरेदीतही तो 635 रुपयांचा फरक आहे. करासह लोखंड 4,165 रुपयांना पडलं.

तीन मिमी जाडीचा पाइप घ्या, मजबूत होईल, असा सल्ला हमखास मिळतो. 40 बाय 40 ला 3 मिमी घेतला तर दोन पाइपांचं वजन जवळजवळ 42 किलोवर जातं, म्हणजे 13 किलो आणि करासह हजारभर रुपये जास्त. पन्नासेक किलोच्या स्टँडवर पंचवीस-तीस किलोची मशीन बसणार आहेत. त्याला 2 मिमी भरपूर झाला. स्टँड हलतो तो पाइप पातळ असल्यामुळे नाही, कोपरे मोकळे राहिल्यामुळे. उरलेल्या पट्टीचे त्रिकोणी तुकडे चारी कोपऱ्यांना आतून लावा, आणि ते हजार रुपये वाचवून पुढे सांगितलेल्या विजेच्या सामानावर घाला.

भंगाराचा माल घ्यावा का? कुरकुंभ आणि रांजणगाव या दोन औद्योगिक वसाहती जवळ असल्याने या भागात भंगारच्या दुकानांत चांगला माल सापडतो. चौकटीचा पाइप जुना चालेल. गंज वरवरचा असावा आणि पाइप सरळ असावा. शाफ्ट मात्र नवाच घ्या. जुना शाफ्ट बहुधा एका जागी झिजलेला असतो आणि बुशात खडखडतो. पत्राही नवा बरा, कारण वाकलेला पत्रा सरळ करायची मजुरी नव्या पत्र्याएवढी होते.

प्लायवूडचा स्टँड सुताराकडून करून घ्यायचा विचार असेल, तर तो फक्त लाकूडकामाच्या मशीनसाठी करा. लोखंड कापताना ठिणग्या पडतात, आणि मळ्यातल्या शेडमध्ये वाळवी कधी लागेल सांगता येत नाही. तरीही करायचाच असेल तर आयएस 710 चा शिक्का असलेलं पाण्याला टिकणारं प्लायवूड घ्या, आणि पाटावर पत्रा मारा.

चाकं, पिना, रंग

चार चाकांऐवजी दोनच घ्या. गुळगुळीत फरशीवर चार चाकं छान फिरतात. आपल्याकडे शेडला कोबा असतो नाहीतर मुरूम, त्यावर चारांपैकी एक चाक नेहमी अधांतरी राहतं आणि ब्रेक लावला तरी स्टँड डुलतो. मागे दोन न वळणारी चार इंची पॉलियुरेथेनची चाकं, पुढे दोन पाय. पुढच्या पायांना खाली नट वेल्ड करून 16 मिमीचे बोल्ट बसवा, म्हणजे उंची कमी-जास्त करता येते. स्टँड हलवायचा तेव्हा पुढून उचलायचा आणि ढकलायचा. चाक निवडताना स्टँड, मशीन आणि वर टेकणारा माल यांचं वजन धरा, आणि एका चाकाला 75 ते 100 किलोची क्षमता आहे का ते पाहा. चाक 350 रुपयांना एक धरलं तर बोल्टसह हा खर्च 800 रुपयांत भागतो, चार चाकांच्या जवळजवळ निम्म्यात.

शाफ्टसाठी यूसीपी 205 चं बेअरिंग सुचवलं जाईल. आतला व्यास 25 मिमी, म्हणजे ते बसतं बरोबर. पण हा शाफ्ट दिवसातून चार-सहा वेळा अर्धा फेरा फिरतो. त्याला बेअरिंगची गरज नाही. एक इंची सी क्लास पाइपाचा आतला व्यास 25.5 ते 26 मिमीच्या आसपास असतो. त्याचे दोन इंची दोन तुकडे कापा, आतली जोडाची रेघ कानशीने घासून काढा, ग्रीस भरा. बुश तयार. बेअरिंगचे पाचसातशे रुपये वाचले.

पिना ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानातूनच घ्या. जोडअवजाराच्या पिना कडक असतात आणि त्यांना कडी असते, त्यामुळे हातमोजे घालूनही ओढता येतात. चार पिना आणि मशीन बसवायचे नट-बोल्ट मिळून 500 रुपये धरा. बोल्टला स्प्रिंग वॉशर किंवा नायलॉनचा नट हवाच. उलटं लटकणाऱ्या मशीनचा साधा नट थरथरून सैल होतो.

रेडऑक्साइड, वरचा ऑइलपेंट आणि थिनर, 450 रुपये. इथे हौसेने जास्त खर्च करण्यात अर्थ नाही. रेडऑक्साइडचे दोन हात नीट बसले की वरचा रंग कुठलाही चालतो.

मजुरी किलोवर की उक्ती?

खिडकीच्या जाळ्या, गेट, शेडचे खांब यांची मजुरी किलोवर ठरते आणि तिथे ते योग्य आहे. या स्टँडला तसं करू नका. मजुरी किलोवर ठरली की जड माल वापरण्यात वेल्डरचा फायदा असतो, आणि शाफ्ट मध्यावर आणणं, चार भोकं जुळवणं या खऱ्या कामाला वजन नसल्यामुळे त्याचा मोबदला त्याला मिळत नाही. मग ते काम घाईत उरकलं जातं. कसबी माणसाला त्याच्या कसबाचे पैसे मिळायला हवेत. म्हणून काम उक्तं द्या. मापांचा कागद हातात ठेवा, माल तुमचा, आणि रॉड, चकत्या, वीज त्याची. त्यासाठी 2,500 रुपये धरले आहेत. पैकी पाचशे-हजार आधी द्या, बाकीचे दोन्ही मशीन बसवून, पाट तुमच्यासमोर दोन्ही बाजूंनी फिरवून आणि चारही पिना हाताने आत जातात हे पाहून.

स्वतः वेल्डिंग करणार असाल तर मजुरी वाचते. पण रॉड, चौदा इंची चकती आणि घासायची चकती मिळून 550 रुपये लागतात. 2 मिमीच्या पाइपाला 2.5 मिमीचा रॉड वापरा. जाड रॉडने पाइपाला भोक पडतं.

आता बेरीज. लोखंड 4,165, चाकं-पाय 800, पिना-बोल्ट 500, रंग 450, स्टँडवरचा बोर्ड आणि वायर 900, वाहतूक 300. वेल्डरकडून करून घेतला तर 2,500 मिळवून 9,615 रुपये. स्वतः केला तर 550 मिळवून 7,665. चौकटीचा पाइप भंगारातला चांगला मिळाला तर यातून आणखी सहा-सातशे कमी होतात. बारा हजारांच्या वर कुणी सांगत असेल तर त्याला वजन विचारा.

जोडताना

सगळी कसोटी शाफ्टवर आहे. पाटाच्या चौकटीच्या आडव्या पट्ट्या शाफ्टमधून आरपार जाऊ शकत नाहीत, कारण पट्टीही 25 ची आणि शाफ्टही 25 चा. म्हणून शाफ्ट मधोमध ठेवा, आडव्या पट्ट्या दोन-दोन तुकड्यांत कापा आणि दोन्हीकडून शाफ्टला जोडा. आधी सगळीकडे फक्त टाके द्या. गुण्या लावून कोन पाहा, चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. ते सारखे आले तरच पूर्ण वेल्डिंग करा. एकाच बाजूने सलग रॉड ओढला तर उष्णतेने शाफ्ट वाकतो. समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटूनपालटून थोडं थोडं वेल्डिंग करा.

पिनांच्या पट्ट्या बाजूच्या माथ्यावर आतल्या कडेला उभ्या लावायच्या, शाफ्टपासून पुढे 200 मिमी आणि मागे 200 मिमी, आणि भोकाचा मध्य शाफ्टच्या मध्याशी एका पातळीत. पाट पाणसळीत धरून पट्टी आणि पाटाची कड यांतून भोक एकदमच पाडा. मग पाट उलटवा. पुढचं भोक मागच्या पट्टीसमोर आलं पाहिजे. अर्ध्या-एक मिमीचा फरक असेल तर कानशीने सुधारता येतो; जास्त असेल तर पट्टी काढून पुन्हा लावा. भोक मोठं करून वेळ मारून नेलीत तर कटर दाबताना पाट डुलेल आणि काप तिरका येईल.

दोन्ही मशीनच्या वजनात चार-पाच किलोंपेक्षा जास्त फरक असेल तर हलक्या बाजूला पत्र्याखाली लोखंडाचा तुकडा बसवा. नाहीतर पिना काढताच पाट झटक्यात फिरतो, आणि बोटं सापडतात ती तेव्हाच.

कुठलं मशीन यावर बसवू नये, तेही सांगायला हवं. ज्यात तेल आहे ते कुठलंही नको, मग तो कॉम्प्रेसर असो की जुना तेलाचा वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर. उंच ड्रिल मशीनही नको. आणि व्हाइस तर मुळीच नको. व्हाइसमध्ये अडकवलेला बोल्ट आपण अंगाचा जोर लावून फिरवतो, तेव्हा चाकाचा स्टँड जागेवर राहूच शकत नाही. व्हाइससाठी भंगारातला चार इंची पाइप घ्या, दीड मीटरचा. तो साधारण 18 किलो भरतो. दोन फूट खड्ड्यात काँक्रीट करून उभा करा, वर जाड प्लेट वेल्ड करा. सिमेंट-खडी धरून दीड हजारात होतो आणि पुढच्या पिढीला पुरतो. व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला यावा.

इथे पैसे वाचवू नका

चौदा इंची कटर साधारण 2,000 वॅटचा असतो, म्हणजे 230 व्होल्टवर नऊ अँपिअर घेतो, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. त्याला घरातल्या टीव्हीच्या बोर्डावरून वायर ओढू नका. 16 अँपिअरचा स्विच-सॉकेट आणि 2.5 चौरस मिमीची तीन तारांची तांब्याची वायर हवी. वर धरलेले 900 रुपये याचेच. तिसरी तार अर्थिंगची. ती नुसती पिनेला जोडून भागत नाही, शेडजवळ अर्थिंगचा खड्डाही जिवंत असला पाहिजे. लोखंडी स्टँड, लोखंडी शेड, पावसाळ्यात ओला कोबा आणि अनवाणी पाय हे एकत्र आले की करंट लागलेल्या माणसाला दुसरी संधी मिळत नाही. म्हणून शेडच्या मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवा. तो दीड-दोन हजारांचा आहे आणि स्टँडच्या बेरजेत मी धरलेला नाही, कारण तो एका स्टँडसाठी नाही, शेडमध्ये पाय ठेवणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. स्टँड पुढच्या वर्षी केलात तरी चालेल, आरसीसीबी या महिन्यात बसवा.

शेतीपंपाच्या जोडणीवर वर्कशॉपची मशीन चालवणं हा वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो, आणि त्यावरची आकारणी दुप्पट दराने होते. घरच्या अवजारांची दुरुस्ती घरगुती जोडणीवर करा. लोकांची कामं पैसे घेऊन करायला लागलात तर महावितरणकडून त्या वर्गाची जोडणी घ्या.

ठिणग्यांचा विचार आपल्या भागात दुप्पट करावा लागतो. उसाचं वाळलेलं पाचट, गुऱ्हाळावरचं चिपाड, डिझेलचे कॅन हे सगळं शेडच्या दहा-पंधरा पावलांत असतं. कटरची ठिणगी मागे लांबवर उडते. स्टँडच्या मागे पत्र्याचा आडोसा वेल्ड करून घ्या, उरलेल्या तुकड्यांत होतो, आणि स्टँडचं तोंड असं ठेवा की ठिणग्या चिपाडाकडे नव्हे, मोकळ्या जमिनीकडे जातील. पाट फिरवण्याआधी पिन सॉकेटमधून काढायची, नुसता स्विच बंद करून भागवायचं नाही. ग्राइंडर वर असताना लोखंडाचा चुरा खाली लटकलेल्या कटरच्या मोटरीत जातो, म्हणून खालच्या मशीनला रेक्झिनची पिशवी घाला. ग्राइंडरची चकती आणि टेका यांत 3 मिमीपेक्षा जास्त फट ठेवू नका. त्यात कोयत्याचं टोक अडकलं तर चकती फुटते.

शिकायचं असेल तर

घरातल्या मुलाला किंवा मुलीला हे काम शिकायचं असेल तर भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तो सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट करून आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम करून आलेला हा शास्त्रज्ञ दुष्काळी पाबळला जाऊन राहिला, ते हाताने काम करत शिकणं हेच खरं शिक्षण या विश्वासाने. तिथे मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम आहे. फॅब्रिकेशन, वीज, शेती-पशुपालन, घर-आरोग्य असं सगळं त्यात येतं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. मला त्यांची एक पद्धत फार मोलाची वाटते : वस्तू करायच्या आधी तिचं रेखाचित्र आणि खर्चाचा अंदाज काढायला शिकवतात. आपल्याकडे उलटं होतं. आधी पाइप येतो, मग तो कुठे कापायचा यावर चर्चा होते.

शेवटी पुन्हा खरेदीकडे : बिल पक्कं घ्या. चाक पंधरा दिवसांत तुटलं, चकती सदोष निघाली तर बिलाशिवाय दुकानदारही ऐकत नाही आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतानाही हातात काही नसतं.

स्टँड झाल्यावरचा खर्च किरकोळ आहे. वर्षातून दोनदा बुशात ग्रीस भरा, मेच्या अखेरीला जोडांवरचा गंज घासून रेडऑक्साइड लावा, आणि पहिल्या महिन्याभरात मशीनचे सगळे बोल्ट दर आठवड्याला आवळा. नंतर महिन्यातून एकदा पुरे.